एकही प्रश्न न विचारता १३२ खाती उघडायची तर

एका लॅब असिस्टंटचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटूचा एक सर्व्हर आहे. दुसऱ्या वर्षाच्या १३२ मुलांची खाती उघडायची आहेत, यादी एक्सेलमध्ये आहे. खातं उघडायची ॲडयूजर ही आज्ञा प्रत्येक मुलामागे पासवर्ड दोनदा विचारते, मग पूर्ण नाव, रूम नंबर, ऑफिसचा फोन, घरचा फोन. तीन मुलांनंतर कंटाळा आला. मग यूजरॲड या दुसऱ्या आज्ञेला -पी लावून पासवर्ड तिथेच दिला. खातं तयार झालं, पण लॉगिन होत नाही. आता एक्सपेक्ट हे साधन वापरून उत्तरं आपोआप भरावीत का?

आधी एक खुलासा. आज्ञा मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, लॅबमधून फोन आला की सांगतो तशाच. टाइप करताना त्या रोमन लघु अक्षरांत करायच्या, आकडेही इंग्रजी. कॅपिटल अक्षर लागेल तिथे तसं लिहिलंय.

लॉगिन का होत नाही ते पहिल्यांदा. -पी ला पासवर्ड नको असतो, पासवर्डचा हॅश (पासवर्डवरून काढलेली, उलट न फिरवता येणारी खूण) हवा असतो. तुम्ही तिथे जे लिहाल ते यूजरॲड जसंच्या तसं /इटीसी/शॅडो या फायलीतल्या दुसऱ्या खणात टाकतं. मूल लॉगिन करताना सिस्टीम त्याने टाइप केलेल्या पासवर्डचा हॅश काढते आणि त्या खणातल्या मजकुराशी जुळवते. तिथे हॅशऐवजी 'लॅब१२३' असंच पडलेलं असेल तर ते जगातल्या कुठल्याच पासवर्डशी जुळणार नाही. म्हणून खातं दिसतं, पण दार उघडत नाही.

एवढ्यावर निभावलं नाही. तो पासवर्ड आता शॅडोमध्ये उघडा पडलाय, तुमच्या बॅशच्या हिस्टरीत पडलाय, आणि आज्ञा चालू होती तेवढा वेळ त्या मशीनवर पीएस (चालू प्रोसेस दाखवणारी आज्ञा) मारणाऱ्या कुणालाही दिसत होता. लिनक्सवर आज्ञेला दिलेले सगळे शब्द /प्रॉक मध्ये, त्या त्या प्रोसेसच्या 'सीएमडीलाइन' फायलीत असतात आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये ते सगळ्यांना वाचता येतात. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना पीएस ही आज्ञा ऑपरेटिंग सिस्टीमच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रॅक्टिकललाच शिकवतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. एक नियम तेवढा पाळा: पासवर्ड आज्ञेच्या ओळीवर कधीच लिहायचा नाही. तो आत जाणार तो स्टँडर्ड इनपुटमधून, म्हणजे फाइल किंवा पाइपमधून आज्ञेला पुरवलेल्या मजकुरातून.

एक्सपेक्टचं उत्तर: नको. एक्सपेक्ट प्रश्नाच्या मजकुराची वाट पाहतं. आवृत्ती बदलली, सर्व्हरच्या भाषेचं सेटिंग बदललं की मजकूर बदलतो आणि तुमची स्क्रिप्ट चाळिसाव्या मुलापाशी तोंड उघडं ठेवून बसते. शिवाय ॲडयूजर प्रश्न विचारतं ते माणसाशी बोलायलाच केलेलं आहे म्हणून. डेबियन आणि उबुंटूवर ती पर्लमध्ये लिहिलेली एक सोयीची स्क्रिप्ट आहे. रेड हॅटच्या घराण्यात त्याच नावाने बोलावलं तर मुकाट्याने यूजरॲडच उत्तर देतं, तिथे ॲडयूजर म्हणजे निव्वळ दुसरं नाव. एकच आज्ञा दोन ठिकाणी दोन स्वभावांची, म्हणून स्क्रिप्टमध्ये मी ती घेत नाही. ॲडयूजरच वापरायचा आग्रह असेल तर --डिसेबल्ड-पासवर्ड आणि --जीकॉस "" हे दोन पर्याय दिले की ते गप्प बसतं. नव्या डेबियनमध्ये त्या दुसऱ्या पर्यायाचं नाव --कॉमेंट झालंय.

(जीकॉस हे काय, असं मुलं हमखास विचारतात. जनरल इलेक्ट्रिकच्या संगणकांवरची ती ऑपरेटिंग सिस्टीम. बेल लॅब्जमधलं सुरुवातीचं युनिक्स छपाईसारखी कामं तिथल्या जीकॉस मशीनकडे पाठवायचं, आणि त्या मशीनवरची ओळख ठेवायला खात्यांची यादी असलेल्या पासडब्ल्यूडी फायलीत एक खण केला होता. मशीन गेलं, खण राहिला. आज आपण त्यात मुलाचं नाव लिहितो आणि ॲडयूजर अजून रूम नंबर विचारतं.)

यूजरॲड एकही प्रश्न विचारत नाही. पण तुम्ही जे सांगितलं नाही ते ते आपल्या मनाने ठरवतं, आणि तुमच्या घोळातला बराचसा भाग तिथून येतो. उबुंटूवर नुसतं 'यूजरॲड अमुक' म्हटलंत तर होम डिरेक्टरी तयारच होत नाही, आणि शेल (टाइप केलेल्या आज्ञा वाचणारा प्रोग्राम) मिळतं ते /बिन/एसएच. मग मूल तुमच्याकडे येऊन म्हणतं, 'सर, वरचा बाण दाबला की कंस आणि ए अशी काहीतरी अक्षरं उमटतात.' कारण तिथे बॅश नाही, डॅश हे साधं शेल चालू आहे. रेड हॅटवर हीच आज्ञा होमही बनवते आणि बॅशही देते, कारण तिथल्या /इटीसी/लॉगिन.डेफ्स मध्ये 'क्रिएट होम' चालू केलेलं असतं आणि /इटीसी/डिफॉल्ट/यूजरॲड मध्ये शेल म्हणून बॅश लिहिलेलं असतं. घरच्या फेडोरावर तपासलेली स्क्रिप्ट कॉलेजच्या उबुंटूवर आपटते ती यामुळे. म्हणून -एम (होम बनव) आणि -एस (हे शेल दे) दोन्हीकडे लिहूनच टाकायचे, गृहीत धरायचे नाहीत.

मी लिहितो ती ओळ अशी:

यूजरॲड -एम -एस /बिन/बॅश -यू २५०४७ -कॅपिटल जी स्टुडंट्स -ई २०२८-०६-३० -सी "पूर्ण नाव" सीओ२५०४७

यातल्या दोन गोष्टींवर थांबायला हवं, कारण दोन्हींनी मला कधी ना कधी रडवलंय.

पहिली -यू, म्हणजे यूआयडी, सिस्टीम खातं ज्या आकड्याने ओळखते तो. तो दिला नाही तर यूजरॲड १००० पासून पुढचा मोकळा क्रमांक स्वतः उचलतं. एकच सर्व्हर असेल आणि पुढे कधीच दुसरा येणार नसेल तर बिघडत नाही. पण दुसरा येतो. एका कॉलेजात (नाव राहू दे) आम्ही दोन सर्व्हरवर एकच स्क्रिप्ट चालवली होती. मधल्या काळात ऑफिसने यादी आडनावांप्रमाणे लावून दिली, त्यामुळे दुसऱ्या मशीनवर खाती वेगळ्या क्रमाने उघडली. सहा महिन्यांनी होम डिरेक्टऱ्या एनएफएसवर (नेटवर्कवरून सगळ्या मशीनना दिसणाऱ्या सामायिक डिस्कवर) नेल्या. एनएफएस त्याच्या साध्या रूपात नाव बघत नाही, फक्त आकडा बघतं. एकीकडे १०१३ म्हणजे एक मुलगी, दुसरीकडे १०१३ म्हणजे भलताच मुलगा. त्या दिवशी अर्ध्या वर्गाला दुसऱ्याच्या असाइनमेंट उघडता येत होत्या आणि स्वतःच्या येत नव्हत्या. रात्री अकरापर्यंत बसून सीएचओन (फायलींचा मालक बदलणारी आज्ञा) मारत होतो.

तेव्हापासून आकडा यादीतूनच काढतो: प्रवेशाच्या वर्षाचे शेवटचे दोन अंक, पुढे तीन अंकी रोल नंबर. २०२५ च्या बॅचमधला ४७ नंबर म्हणजे २५०४७. साधारण खात्यांसाठीची नेहमीची कमाल मर्यादा ६०००० आहे, तिच्या आत आपण आरामात बसतो. लॅबमध्ये कितीही मशीन आली तरी २५०४७ सगळीकडे तोच.

लॉगिन नावही त्यातूनच. मुलाच्या नावावरून लॉगिन नाव बनवायच्या फंदात पडू नका. एका वर्गात सात पाटील आणि पाच जाधव असतात. ज्ञानेश्वरचं स्पेलिंग डी-एन-वाय ने करायचं की जी-वाय-ए ने, यावर त्याच्या स्वतःच्या कागदपत्रांत एकमत नसतं. आणि एक्सेलमध्ये कुणी आडनाव आधी लिहितं, कुणी वडिलांचं नाव मध्ये घालतं, कुणी गाळतं. रोल नंबर बरा. पण नुसते आकडे नकोत, आधी अक्षर पाहिजे: २५०४७ हेच लॉगिन नाव ठेवलं तर सीएचओन २५०४७ मधला आकडा नाव आहे की यूआयडी, यावर पुढे गोंधळ होतो. लिनक्सवर नाव ३२ अक्षरांपर्यंत चालतं. देवनागरीत लॉगिन नाव ठेवू नका, पण -सी मध्ये पूर्ण नाव देवनागरीत खुशाल लिहा. तिथे फक्त कोलन चालत नाही, कारण पासडब्ल्यूडी फायलीतले सात खण कोलनानेच वेगळे होतात. स्वल्पविरामही टाळा. 'पाटील, अमुक' असं लिहिलंत तर फिंगरसारखे जुने प्रोग्राम 'अमुक'ला रूम नंबर समजतात.

दुसरी गोष्ट ग्रुपची. पुष्कळ जण लघु जी वापरतात, म्हणजे सगळ्या वर्गाला एकच प्राथमिक ग्रुप: स्टुडंट्स. दिसायला नीटनेटकं. पण उबुंटूने २१.०४ या आवृत्तीपासून होम डिरेक्टरीची परवानगी ७५० केली आहे: मालकाला सगळं, ग्रुपला वाचणं, बाकीच्यांना काही नाही. प्रत्येकाचा स्वतःचा खासगी ग्रुप असतो हे त्यात गृहीत धरलंय. तुम्ही सगळ्यांना एकाच प्राथमिक ग्रुपमध्ये घातलंत की ७५० चा अर्थ होतो, वर्गातल्या कुणालाही कुणाचीही असाइनमेंट वाचता येईल. म्हणून लघु जी द्यायचाच नाही. यूजरॲडला खासगी ग्रुप करू द्या (क्रमांक मोकळा असेल तर त्याचा जीआयडीही यूआयडीएवढाच होतो) आणि स्टुडंट्स हा जादा ग्रुप म्हणून कॅपिटल जी ने द्या. मी यावर आणखी -कॅपिटल के होम_मोड=०७०० घालतो; लॉगिन.डेफ्समधली सगळी नावं कॅपिटलमध्ये असतात, तेवढं लक्षात ठेवा. स्टुडंट्स ग्रुप आधी अस्तित्वात हवा. ग्रुपॲड -एफ स्टुडंट्स म्हटलं की नसेल तर तयार होतो, असेल तर तक्रार न करता पुढे जातो.

ग्रुपचाच विषय निघालाय तर एक सावधगिरी. खातं उघडल्यावर नंतर ग्रुप वाढवायचा झाला तर यूजरमॉड -ए आणि कॅपिटल जी, दोन्ही एकत्र. -ए विसरलात तर जुने सगळे जादा ग्रुप पुसून फक्त नवा राहतो. मी एकदा असंच स्वतःला सुडोमधून (ॲडमिनचे अधिकार देणाऱ्या ग्रुपमधून) बाहेर काढलं होतं, तेही मशीन दुसऱ्या गावात असताना.

आता पासवर्ड. माझ्या मते सगळ्या कामातला हाच खरा भाग.

सीएचपासडब्ल्यूडी ही आज्ञा याचसाठी आहे. ती स्टँडर्ड इनपुटवरून 'नाव:पासवर्ड' अशा ओळी वाचते आणि एका दमात सगळ्यांचे पासवर्ड लावते. हॅश कुठल्या पद्धतीचा करायचा ते सिस्टीमच्या सेटिंगवरून ती स्वतः ठरवते. सध्याच्या डेबियन-उबुंटूवर ती पद्धत यसक्रिप्ट. स्क्रिप्टमध्ये एकेकाला लावायचा असेल तर:

प्रिंटएफ '%एस:%एस\एन' "$यूजर" "$पास" | सीएचपासडब्ल्यूडी

प्रिंटएफ बॅशच्या पोटातलंच असल्यामुळे वेगळी प्रोसेस म्हणून पीएसमध्ये उमटत नाही. पण मी शक्यतो असं एकेक करत नाही. आधी १३२ ओळींची एक फाइल करतो, स्क्रिप्टच्या सुरुवातीला यूमास्क ०७७ ठेवतो म्हणजे ती फाइल फक्त रूटला (ॲडमिनच्या खात्याला) वाचता येते, आणि मग सीएचपासडब्ल्यूडी < फाइल. तीच फाइल पुढे चिठ्ठ्या छापायला उपयोगी पडते.

पासवर्ड काय ठेवायचा? सगळ्यांना एकच किंवा रोल नंबर हाच पासवर्ड, असं करणाऱ्यांचं म्हणणं असतं की पहिल्या लॉगिनला बदलायला लावतोच ना. लावता, मान्य. सीएचएज -डी ० अमुक (स्पेलिंग सी-एच-ए-जी-ई) म्हटलं की पहिल्या लॉगिनलाच सिस्टीम नवा पासवर्ड मागते. पण ती मागणार कुणाकडे? जो पहिला आला त्याच्याकडे. पासवर्ड जर रोल नंबर असेल तर शेजारच्या बाकावरचा मित्र आधी लॉगिन करतो, पासवर्ड बदलतो, आणि खऱ्या मालकाचं पहिलं प्रॅक्टिकल तुमच्या टेबलापाशी उभं राहून संपतं. जन्मतारीख तर विचारूच नका, वर्गाच्या वाढदिवसांची यादी फोनच्या ग्रुपवर असते.

म्हणून प्रत्येकाला वेगळा, यादृच्छिक. ओपनएसएसएल रँड -बेस६४ ९ म्हटलं तर बरोबर १२ अक्षरं मिळतात, पण त्यात अधिक-चिन्ह आणि स्लॅश येतात, आणि छापल्यावर एक, लघु एल आणि कॅपिटल आय यांतला फरक कुणालाच कळत नाही. मी /डेव्ह/यूरँडम मधून टीआर -डीसी ने हवी तेवढी अक्षरं गाळून घेतो: लघु अक्षरांतून आय, एल, ओ वगळून आणि आकड्यांतून शून्य आणि एक वगळून. राहतात ३१ चिन्हं. त्यातली १० हेड -सी १० ने घेतली की पहिल्या लॉगिनपुरता उत्तम पासवर्ड. एक खाच इथे आहे. स्क्रिप्टच्या डोक्यावर सेट -ई आणि पाइपफेल लावलं असेल तर हेडने तोंड मिटल्याबरोबर टीआर १४१ या कोडने मरतं आणि स्क्रिप्टही सोबत जाते, काही न बोलता. तेवढ्या ओळीपुरतं पाइपफेल काढा.

हॅश आधीच करून द्यायची वेळही येते: यादी एका मशीनवर, खाती दुसऱ्यावर, आणि उघडा पासवर्ड प्रवास करायला नको असेल तेव्हा. ओपनएसएसएल पासडब्ल्यूडी -६ -एसटीडीइन एसएचए-५१२ चा हॅश देतं. तो सीएचपासडब्ल्यूडी -ई ला द्या. यूजरॲड -पी ला दिला तरी आता लॉगिन होईल. पण अवतरणचिन्हं एकेरीच हवीत. हॅशची सुरुवात $६$ अशी असते. दुहेरी अवतरणात शेल $६ म्हणजे स्क्रिप्टला दिलेला सहावा शब्द समजतं, तो नसतोच, म्हणून ते तुकडे गिळून टाकतं आणि शॅडोत अर्धवट हॅश जातो. लक्षण पुन्हा तुमच्यासारखंच: खातं आहे, लॉगिन नाही.

न्यूयूजर्स नावाची एक आज्ञाही आहे. पासडब्ल्यूडी फायलीसारख्या सात खणांच्या ओळी दिल्या की खातं, ग्रुप, पासवर्ड सगळं एकदम. मोह होतो. पण ती होम डिरेक्टरी रिकामी बनवते, /इटीसी/स्केल मधल्या बॅशच्या फायली त्यात येत नाहीत, आणि नाव आधीपासून असेल तर त्याचा पासवर्ड बिनदिक्कत बदलते. मी ती वापरत नाही.

आता एक्सेल. तुमची अर्धी संध्याकाळ इथे जाणार आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

विंडोजवरून सीएसव्ही म्हणून सेव्ह केलेल्या फायलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी नव्या ओळीच्या खुणेआधी एक कॅरेज रिटर्न असतो. तो दिसत नाही, पण शेवटच्या खणाला चिकटतो. शेवटचा खण पासवर्डचा असेल तर पासवर्डच्या शेपटीला असं अक्षर लागतं जे मूल जन्मात टाइप करू शकणार नाही. शेवटचा खण लॉगिन नावाचा असेल तर यूजरॲड नाव चुकीचं आहे म्हणतं, आणि तो संदेशही विचित्र दिसतो, कारण कॅरेज रिटर्नमुळे कर्सर ओळीच्या सुरुवातीला जाऊन पुढचा मजकूर आधीच्या मजकुरावर उमटतो. अर्धवट, चिरडलेला एरर मेसेज दिसला की मी आधी कॅट -कॅपिटल ए मारून फाइल बघतो. ओळीच्या शेवटी ^एम$ दिसलं की रोग सापडला. टीआर -डी '\आर' ने तो जातो.

दुसरा रोग पहिल्या ओळीचा. एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडलं (नावं देवनागरीत असतील तर तेच निवडावं लागतं) की फायलीच्या अगदी सुरुवातीला तीन अदृश्य बाइट येतात, ज्यांना बॉम म्हणतात. पहिली ओळ शीर्षकाची असेल तर ते तिच्यासोबत निघून जातात. नसेल तर रोल नंबर एकचं खातं उघडत नाही आणि बाकी १३१ उघडतात.

तिसरा शेवटच्या ओळीचा. काही प्रोग्राम फायलीच्या शेवटी नव्या ओळीची खूण ठेवत नाहीत. बॅशचं रीड अशी ओळ वाचतं खरं, पण 'संपलं' असं उत्तर देतं, आणि व्हाइल लूप ती ओळ हाताळायच्या आधीच थांबतो. यादी आडनावांप्रमाणे असेल तर दरवर्षी एखाद्या वाघमारे किंवा येवलेचंच खातं राहतं, आणि त्या बिचाऱ्याला वाटतं कॉलेजचा आपल्यावर राग आहे. लूपच्या अटीत 'किंवा व्हेरिएबल रिकामा नसेल तर' एवढी भर घातली की झालं. रीडला -आर द्या, आयएफएस (ओळीचे खण तोडायचं चिन्ह) स्वल्पविराम ठेवा. आणि त्या लूपच्या आत एसएसएच चालवत असाल तर त्याला -एन द्या, नाहीतर ते तुमची उरलेली यादी स्वतःच पिऊन टाकतं आणि लूप पहिल्या मुलानंतर संपतो.

स्क्रिप्ट पुन्हा चालणार आहे, असं धरूनच लिहा. थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेणारी डिप्लोमाची मुलं महिनाभराने येतात, यादी वाढते, आणि तुम्ही तीच फाइल परत चालवता. म्हणून प्रत्येक नावासाठी आधी गेटेंट पासडब्ल्यूडी सीओ२५०४७ ने खातं आहे का बघा. पासडब्ल्यूडी फायलीवर ग्रेप मारू नका. एक तर सीओ२५०४ शोधताना सीओ२५०४७ सापडतो, आणि उद्या खाती एलडॅपवर (खात्यांच्या मध्यवर्ती सर्व्हरवर) गेली तर ती त्या फायलीत नसतातच. गेटेंट सगळीकडे विचारतं.

पण 'खातं आहे, पुढे चला' एवढ्यावर भागत नाही, आणि हे कळायला मला बरीच वर्षं लागली. समजा यूजरॲड झालं आणि पासवर्ड लावायच्या आधी वीज गेली. खातं आहे, पासवर्ड नाही. शॅडोमध्ये उद्गारचिन्ह, म्हणजे कुलूप. स्क्रिप्ट परत चालवली तर ती म्हणते खातं आहे, आणि त्या मुलाला पासवर्ड कधीच मिळत नाही. उलट सगळ्यांना सरसकट पासवर्ड परत लावलात तर ज्या १२० जणांनी आपापला बदलून घेतलाय त्यांचे उडतात. म्हणून दोन वेगळ्या चौकश्या करा. खातं आहे का, ते गेटेंटला विचारा. पासवर्ड आहे का, ते पासडब्ल्यूडी -कॅपिटल एस अमुक ला विचारा: दुसऱ्या खणात पी असेल तर आहे, एल असेल तर कुलूप, एनपी असेल तर पासवर्डच नाही. पासवर्डच्या फायलीत फक्त पी नसलेल्यांच्या ओळी जाऊ द्या. अन्सिबल या ऑटोमेशनच्या साधनाने करणाऱ्यांचीही हीच चूक होते. तिथे अपडेट_पासवर्ड ला ऑन_क्रिएट दिलं नाही तर प्रत्येक खेपेला मुलांचे पासवर्ड तुमच्या जुन्या पासवर्डवर परत येतात.

यूजरॲडचा एक्झिट कोड नोंदवून ठेवा. ९ म्हणजे नाव आधीच आहे, ४ म्हणजे यूआयडी घेतलेला आहे, ६ म्हणजे ग्रुप नाही, १२ म्हणजे होम बनवता आलं नाही. हा शेवटचा बहुधा डिस्क भरल्यावर भेटतो. घाई म्हणून एक्सआर्ग्स -कॅपिटल पी ने एकाच वेळी आठ यूजरॲड सोडू नका. पासडब्ल्यूडी फायलीवर एका वेळी एकालाच कुलूप मिळतं, बाकीचे 'नंतर या' म्हणून परत फिरतात.

बाकीच्या युनिक्सांबद्दल धावतं सांगतो. रेड हॅटवर पासडब्ल्यूडी --एसटीडीइन पूर्वापार चालतं, पण त्यावर विसंबून लिहिलेली स्क्रिप्ट जुन्या डेबियनवर चालत नाही, सीएचपासडब्ल्यूडी दोन्हीकडे चालतं. अल्पाइनवर बिझीबॉक्सचं ॲडयूजर असतं, त्याला -कॅपिटल डी दिलं की पासवर्ड विचारत नाही. फ्रीबीएसडीवर पीडब्ल्यू यूजरॲड, आणि त्याला -एच ० म्हटलं की पासवर्ड स्टँडर्ड इनपुटवरून घेतं, ही मला सगळ्यांत सुबक वाटलेली सोय. मॅकवर सिसॲडमिनसीटीएल, तो वेगळाच संसार आहे.

१३२ वर चालवायच्या आधी दोन खोट्या रोल नंबरांवर चालवा आणि दुसऱ्या टर्मिनलमधून खरोखर एसएसएचने लॉगिन करून बघा. एसयू ने बघू नका, रूटवरून एसयू केलं तर पासवर्ड विचारतच नाही आणि सगळं आलबेल वाटतं. चिठ्ठ्या प्रॅक्टिकलच्या पहिल्या तासाला ओळखपत्र बघून हातात द्या, नोटीस बोर्डावर लावू नका. त्याच तासात सगळ्यांना लॉगिन करून पासवर्ड बदलायला लावा आणि संध्याकाळी ती फाइल उडवा. गैरहजर मुलांच्या चिठ्ठ्या कपाटात कुलपात.

-ई ने दिलेली तारीख आली की खातं आपोआप बंद होतं, हटत नाही, त्यातलं काही जात नाही. यूजरमॉड -कॅपिटल एल वर मात्र विसंबू नका. ते फक्त पासवर्डला कुलूप घालतं, ज्याने एसएसएचची की ठेवली आहे तो आत येत राहतो. हटवायचं ते बॅकलॉगच्या परीक्षा उरकल्यावर, होमचा टार काढून: यूजरडेल -आर. -आर होम आणि मेलपेटी नेतं, पण त्या मुलाच्या /टीएमपी मधल्या किंवा प्रोजेक्टच्या सामायिक फोल्डरमधल्या फायली तशाच राहतात, मालकाच्या जागी नुसता आकडा घेऊन. तो आकडा उद्या दुसऱ्याला दिलात तर त्या फायली त्याच्या होतात. आपल्या पद्धतीत २५०४७ परत कुणाला मिळत नाही, तरी फाइंड / -एक्सडेव्ह -नोयूजर एकदा चालवाच. मला त्यात एकदा चार वर्षांपूर्वी पास झालेल्या मुलाचा ११ जीबीचा क्रिकेटचा व्हिडिओ सापडला होता.